रात्रपाळीचा टॉर्च: निवडायचा कसा, चार्ज करायचा कसा, सांभाळायचा कसा

शेतीपंपाच्या लाइटची रात्रपाळी लागली की आमच्या निफाड तालुक्यात मध्यरात्री शिवारभर दिवे हलताना दिसतात. कोणी गव्हाची दारं धरतंय, कोणी द्राक्षबागेत ड्रिपचा व्हॉल्व्ह फिरवायला निघालंय. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर, बांधाच्या गवतात घोणस. अशा रात्री हातातल्या उजेडाने दगा देऊन चालत नाही. मी राहतो नाशिक शहरात, पण मळ्यावर जाणंयेणं सुरूच असतं आणि सुट्टीत किल्ले असतात. गेली बरीच वर्षं मोठे टॉर्च वापरतोय. नव्याने घेणारे भाऊबंद आणि ट्रेकचे सोबती तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी शब्दांचं. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेललाही बॅटरीच. इथे गोंधळ नको म्हणून दिव्याला टॉर्च म्हणतो आणि आत बसणाऱ्या नळकांडीला सेल. टॉर्च बिघडला असं आपण म्हणतो तेव्हा दिवा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मेलेला असतो तो सेल. तो कसा जगवायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

खोक्यावरच्या आकड्यांचा हिशेब

दुकानात गेलात की खोक्यावर १०,००० लुमेन, ५०,००० लुमेन असे आकडे दिसतील. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. मोबाइलचा फ्लॅश साधारण ५० लुमेनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज बांधा.

आता एक सोपा हिशेब, तो डोक्यात ठेवूनच दुकानात जा. चांगल्या मोठ्या टॉर्चमध्ये हल्ली २१७०० नावाचा सेल येतो. २१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. त्याची क्षमता ५००० एमएएच आणि सरासरी व्होल्टेज ३.६. गुणाकार केला की १८ वॉट-तास ऊर्जा निघते. एलईडी आणि आतलं सर्किट मिळून एका वॉटला साधारण १०० लुमेन देतात असं धरा. म्हणजे त्या सेलमध्ये १८०० लुमेन-तास साठवलेले आहेत. २०० लुमेनवर चालवला तर ९ तास, ३०० वर ६ तास, ३००० वर फार तर ३६ मिनिटं. आठ तासांच्या पाळीला २०० लुमेन पुरतात, आणि पाटाच्या कडेने चालायला तेवढा उजेड भरपूर होतो.

हाच हिशेब ५०,००० लुमेनला लावा. त्याला ५०० वॉट लागतील, म्हणजे घरातल्या मिक्सरच्या मोटरीएवढी ताकद, तीही एका मुठीत मावणाऱ्या सेलमधून. ते होत नाही. एकच सेल असलेल्या टॉर्चवर असा आकडा दिसला की तो टॉर्च खाली ठेवा. जो खोक्यावर खोटं लिहितो तो आत सेलही खराच घालेल यावर माझा विश्वास नाही.

खरे ३००० लुमेन देणारा टॉर्चसुद्धा ते मिनिट-दोन मिनिटंच देतो. मग अंग तापतं आणि आतलं सर्किट आपोआप उजेड उतरवतं. नवीन माणसाला वाटतं, टॉर्च खराब निघाला. तसं नाही, तो स्वतःला जाळून घेत नाहीये. जो टॉर्च उतरतच नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

लुमेनइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे कॅन्डेला, म्हणजे झोत किती तीव्र आहे. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, की खोक्यावर लिहिलेलं मीटरमधलं अंतर निघतं. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४००. मात्र त्या टोकाला पोचणारा उजेड जेमतेम चांदण्याएवढा असतो. स्पष्ट दिसायला हवं असेल तर निम्मं अंतर धरा, किंवा त्याहूनही कमी.

कांद्याच्या किंवा गव्हाच्या उघड्या रानात लांब झोत कामाला येतो. द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र तोच झोत चार हातांवरच्या पानांवर आपटून डोळ्यांवर परत येतो. तिथे पसरट उजेड हवा. कांद्याच्या चाळीत सडका माल बघायलाही पसरटच. एकच घ्यायचा असेल तर पसरट आणि मध्यम झोत असलेला घ्या. एक किलोमीटर उजेड टाकणारा टॉर्च मिरवायला छान वाटतो, पण पायाखालची घोणस त्यात दिसत नाही.

सेल निवडताना

दोन मापं मुख्य. १८६५० आणि वर सांगितलेलं २१७००. दुकानदार पहिल्याला ‘अठरा सहाशे पन्नास’ म्हणतात. १८६५० मध्ये चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंत असते. त्यावर ९९०० लिहिलेलं दिसलं तर तो सेल बनावट आहे, दुसरी शक्यता नाही. मी असा एक सेल हौसेने घेतला होता. वजन केलं तर चांगल्या सेलच्या मानाने फारच हलका. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि २१७०० सत्तरच्या आसपास. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी, मुराता हे सेल बनवणारे नावाजलेले कारखाने, पण त्यांच्या नावाचं नकली वेष्टणही बाजारात असतं. म्हणून नावापेक्षा वजन आणि विक्रेत्याची खात्री महत्त्वाची. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, आयएस १६०४६ आणि सोबत ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक. तो छापलेला आहे का तेही बघा.

सेल बाहेर निघणारा टॉर्च घ्या, हे माझं ठाम मत. सेल आतच बंद केलेला टॉर्च दोन-तीन वर्षांत सेल दमला की भंगारात जातो. बाहेर निघणारा असेल तर नवा सेल टाकून तोच टॉर्च दहा वर्षं चालतो, आणि दुसरा भरलेला सेल खिशात नेता येतो. सेल घेताना त्याचं टोक उंचवट्याचं हवं की सपाट, आणि आत संरक्षक पट्टी (जास्त चार्ज होणं, फार उतरणं आणि शॉर्ट यांपासून वाचवणारं छोटं सर्किट) असलेला हवा की नको, हे टॉर्चच्या कागदावर बघा. संरक्षक पट्टीवाला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो आणि काही टॉर्चमध्ये बसतच नाही. नवख्याने पट्टीवालाच वापरावा. जास्त करंट ओढणाऱ्या काही टॉर्चना तो चालत नाही, ते कागदावर लिहिलेलं असतं.

घरी आणल्यावर पहिला दिवस

मागचं झाकण उघडा. बहुतेक नव्या टॉर्चमध्ये सेल आणि झाकणाच्या मध्ये पातळ प्लास्टिकची चकती असते, प्रवासात चुकून पेटू नये म्हणून. ती काढा. ‘नवीन आणला आणि पेटतच नाही’ असे जे फोन मला येतात त्यातले निम्मे या चकतीचे असतात. सेलची दिशा बघून ठेवा. अधिक टोक बहुतेक टॉर्चमध्ये काचेकडे असतं, पण सगळ्यांत नाही. आत खूण असते.

मग चार्जिंगला लावा. मोबाइलचा साधा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर उत्तम. मोठ्या वॉटचा फास्ट चार्जर लावला तरी टॉर्च आपल्याला हवा तेवढाच करंट घेतो, त्याने काही फुटत नाही. मात्र एक अडचण हमखास येते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर काही टॉर्च चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्या पोर्टमध्ये चार्जरला ‘मी इथे आहे’ असं सांगणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. मग जुनी, एका बाजूला चपटं रुंद यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असलेली केबल लावा. टॉर्चच्या खोक्यात बहुधा तीच येते. ती हरवू नका.

लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे पूर्ण. ५००० एमएएचच्या सेलला २ अँपिअरने तीन-साडेतीन तास लागतात, १ अँपिअरने सहाच्या आसपास. शेवटचा तास हळू जातो आणि ते बरोबरच आहे. ४.२ व्होल्टला पोचल्यावर चार्जर करंट कमी कमी करत नेतो. पहिलं चार्जिंग जागेपणी, समोर बसून करा आणि मधून मधून हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. हातात धरवत नसेल तर लगेच प्लग काढा आणि तो टॉर्च परत करा.

‘नवीन आहे, बारा तास लावून ठेव’ असं घरातली वडीलधारी माणसं सांगतील. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो जुन्या सेलचा आहे. आपल्या गावांत वर्षानुवर्षं चालले ते लेड-अ‍ॅसिडचे टॉर्च. थेट प्लगमध्ये लावायचे, जडच्या जड. त्यांना रिकामं ठेवलं की मरत, म्हणून कायम भरून ठेवायचे. लिथियमचं उलट आहे. त्याला रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, पूर्ण उतरवून मग भरायचीही नाही. निम्मा उतरला की लावला, तरी चालतं. उलट तेच त्याला मानवतं. घरात दोन्ही प्रकारचे टॉर्च असतील तर जुना भरून ठेवा आणि नवा महिना-दोन महिने वापरणार नसाल तर अर्धा भरून ठेवा.

कुठे आणि कधी चार्ज करायचा

उघड्या फरशीवर किंवा ओट्यावर. गादीवर, सोफ्यावर, कडब्याच्या गंजीशेजारी, खताच्या गोण्यांवर कधीही नाही. सेल पेटण्याची वेळ क्वचित येते, पण आली तर आजूबाजूला काय आहे त्यावर सगळं ठरतं. झोपताना लावू नका, आणि मळ्याचं घर बंद करून बाजारसमितीला जातानाही लावून जाऊ नका. संध्याकाळी जेवण होईपर्यंत लावला तर पाळीवर निघताना भरलेला असतो. तेवढी सवय पुरेशी आहे.

तापमानाची मर्यादा पाळा. लिथियम सेल ० ते ४५ अंशांच्या मधेच चार्ज करायचा असतो. आपल्या जिल्ह्यात दोन्ही टोकं गाठली जातात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी हिवाळ्यात पेपरात येते, आणि काही वर्षी तो दोन-चार अंशांपर्यंत उतरून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा पहाटे शेतातून आणलेला गार टॉर्च तसाच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास घरात राहू द्या, मग लावा. गोठणबिंदूच्या खाली चार्ज केलं तर लिथियम आत धातूच्या रूपात साचतं आणि सेल कायमचा धोकादायक होतो. उन्हाळ्याचं सांगायलाच नको. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवला तर सेल चार्ज न करताही खराब होतो. पिकअपच्या खिडकीत ठेवलेला टॉर्च मी दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे बघतो आणि मालकाला सांगतो.

मळ्यातलं व्होल्टेज वरखाली होतं. मोटरी एकदम बंद झाल्या की ते उसळतं आणि स्वस्त चार्जर जातात. टॉर्चला चार्जर चांगल्या कंपनीचाच लावा. पॉवर बँकेवरून किंवा ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला मोबाइलचा अ‍ॅडॉप्टर लावूनही चार्ज होतो.

मोटरीच्या कामासाठी मल्टीमीटर असतोच अनेकांकडे. तो डीसीवर ठेवून महिन्यातून एकदा सेल मोजा. ४.२ म्हणजे भरलेला, ३.६ म्हणजे साधारण पावभर उरलेला. ठेवणीतला सेल ३.७-३.८ वर असावा. २.५ च्या खाली गेलेला सेल पुन्हा जिवंत करण्याच्या फंदात पडू नका. त्याहून फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि तो पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. एखाद्या वायरने ‘झटका देऊन’ सेल उठवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातात तुमचा सेल देऊ नका.

दोन-तीन सेल एकदम लागणारा टॉर्च असेल तर ते सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे हवेत. त्यांची जोडी कधी मोडायची नाही. घालण्याआधी व्होल्टेज सारखं आहे का बघा. एक भरलेला आणि एक रिकामा एकत्र घालणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. म्हणूनच मी पहिला टॉर्च एका सेलचाच घ्यायला सांगतो.

खिशात, पिशवीत, गडावर

सुटा सेल किल्ल्यांबरोबर किंवा चिल्लरबरोबर खिशात ठेवायचा नाही. सेलचं सगळं अंग ऋण टोकच असतं. वर फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टण. ते फाटलं आणि किल्ली टेकली की शॉर्ट. वीस-तीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. फाटलेलं वेष्टण दिसलं तर नवं चढवून घ्या, चिकटपट्टी लावून भागवू नका.

पेटलेला मोठा टॉर्च कापड जाळू शकतो. हरिहर गडावरून उतरताना माझ्या सॅकमध्ये टॉर्चचं बटण दाबलं गेलं आणि विंडचीटरला रुपयाएवढं भोक पडलं. वास आला म्हणून कळलं. त्या दिवसापासून टॉर्च पिशवीत टाकण्याआधी मागचं झाकण पाव फेरा सैल करतो. सर्किट तुटतं आणि बटण दाबलं तरी पेटत नाही. बहुतेक टॉर्चमध्ये हे चालतं, आणि बटणाचं कुलूप असलं तरी मी झाकणच सैल करतो.

हरिहरच्या पायऱ्यांना किंवा कळसूबाईच्या शिड्यांना दोन्ही हात लागतात, तिथे डोक्याला बांधायचा दिवा घ्या. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या धुक्यात मात्र डोक्यावरचा दिवा पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा टॉर्च कमरेजवळ धरा, उजेड कमी करा, पिवळसर छटा असेल तर आणखी बरं. काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलात तर टॉर्च बंदच ठेवा. वाट चाचपडायची असेल तर तांबडा मंद उजेड, तोही जमिनीकडे. काजवे उजेडानेच एकमेकांना हाक मारतात.

शिवारात उजेड पावलापुढे चार-पाच फुटांवर ठेवा, पायात गमबूट. बांध ओलांडण्याआधी पलीकडची बाजू बघा. उसाच्या कडेला एकट्याने जाऊ नका. मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चाला. डोळे चमकले तर खाली वाकू नका, पाठ फिरवून पळू नका. आवाज करत हळूहळू मागे या. बिबट्या शोधायला म्हणून झोत उसात फिरवत बसणं त्याच्याही जिवाला त्रास आणि तुमच्याही. आणि रस्त्यावरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत मोठा झोत कधीही मारू नका. त्याला पुढचे काही सेकंद काहीच दिसत नाही.

पावसाळ्याआधीची देखभाल

झाकणाच्या आट्यांवर काळं साचतं, ते कोरड्या कापडाने पुसा. रबराच्या गोल रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, व्हॅसलिन नको. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण दर वेळी घट्ट दाबा. टॉर्चवर आयपीएक्स८ (पाण्यात बुडाला तरी चालेल अशी खूण) लिहिलेलं असलं तरी ते हे झाकण लावलेलं असतानाचं आहे. पोर्टमध्ये पाणी गेलं तर दोन दिवस वाळू द्या, ओल्या पोर्टला केबल लावू नका.

सेल दमला की

पूर्वी आठ तास जाणारा सेल पाच तासांत बसायला लागला, भरून ठेवलेला आठवड्यात आपोआप उतरला, चार्ज होताना गरम लागला, दबला, गंजला किंवा गोडसर रासायनिक वास आला, की तो बाद. चार्ज होताना फुसफुसला किंवा धूर आला तर आधी मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, धूर श्वासात घेऊ नका. जवळ जाता येत असेल तर भरपूर पाणी ओता. थोड्या पाण्याने भागत नाही, सेल गार व्हायला हवा. पसरत असेल तर १०१ वर फोन.

बाद सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला तर गाडीतला सगळा कचरा पेटू शकतो. चुलीत, उकिरड्यात, विहिरीत तर नाहीच. दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा, काचेच्या कोरड्या बरणीत जमा करा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा सेल विकणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुने सेल परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. माझी बरणी मळ्यातल्या पडवीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर आहे. शेजारचे तिघेजण आता त्यांचे सेलही तिच्यातच आणून टाकतात.